दोन फेडरच्या मधे काय होतं: लाइव्हसाठी ग्राफिक इक्वलायझरची तुलना

दोन ग्राफिक इक्वलायझर शेजारी ठेवा, म्हणजे आवाजाच्या एकेका पट्ट्याची (बँडची) पातळी एकेका सरकत्या दांड्याने (फेडरने) कमी-जास्त करणारी यंत्रं. दोन्हींवर ३१ फेडर, दोन्हींवर तेच आकडे छापलेले. दोन्हींवर २ किलोहर्ट्झचा फेडर ६ डेसिबल खाली ओढा. आवाज सारखाच बदलेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा तसं होत नाही. एकात फक्त शिट्टी (फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी) जाते, दुसऱ्यात शिट्टीबरोबर गायकाचे शब्दही जातात. डब्यावर छापलेले आकडे दोन्हींचे एकच असतात, कारण १/३ ऑक्टेव्हची (ऑक्टेव्ह म्हणजे वारंवारता दुप्पट होणारं अंतर) केंद्रं प्रमाणित आहेत: २०, २५, ३१.५, ४०, ५०, ६३, ८०, १०० असं करत २० हजारांपर्यंत. प्रत्येक पुढचा आकडा मागच्याच्या साधारण १.२६ पट. फरक असतो तो फेडर हलवल्यावर त्याच्या आजूबाजूला काय होतं यात, आणि ते पुढच्या पॅनेलवर कुठेच छापलेलं नसतं.

म्हणून तुलना करताना बँड किती हा प्रश्न मी शेवटी ठेवतो. ३० आणि ३१ यांत कामाचा फरक काहीच नाही. ३० बँडवाल्यात बहुधा २० हर्ट्झचा फेडर नसतो, आणि स्टेज मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा जमिनीवरचा तिरका स्पीकर, म्हणजेच वेज) तिथे तसाही काही वाजवत नाही. २८ बँडवाले ३१.५ हर्ट्झपासून १६ किलोहर्ट्झपर्यंत जातात, तेवढं पुरतं. १५ बँडची गोष्ट मात्र वेगळी. तिथे केंद्रं २/३ ऑक्टेव्हवर असतात: २५, ४०, ६३, १००, १६०, २५०, ४००, ६३०, मग १, १.६, २.५, ४, ६.३, १० आणि १६ किलोहर्ट्झ. एक फेडर ओढला की जवळपास दुप्पट रुंद तुकडा जातो. खोलीत आवाज जरा बसका वाटतोय, जरा टोचतोय, एवढी डागडुजी त्यातून होते. वेजमधली शिट्टी काढायला तो घेऊ नका.

क्यू : खरी तुलना इथे

फिल्टर किती रुंद किंवा अरुंद ते क्यूवरून कळतं. क्यू जास्त तर फिल्टर अरुंद. १/३ ऑक्टेव्हसाठी क्यू येतो ४.३ च्या आसपास. प्रश्न असा की फेडर कमी-जास्त हलवल्यावर हा क्यू तसाच राहतो की बदलतो.

कॉन्स्टंट-क्यू ग्राफिकमध्ये तो तसाच राहतो; फेडर ३ डेसिबल हलवा की १२. रेन कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुळवली. त्याआधीच्या नेहमीच्या सर्किटमध्ये फेडर टोकाला गेला तरच फिल्टर खरा १/३ ऑक्टेव्ह व्हायचा, थोडा हलवला तर बराच पसरायचा. प्रोपोर्शनल-क्यूमध्ये हाच स्वभाव ठेवलेला असतो, पण जाणूनबुजून: थोडा कट रुंद आणि मऊ, खोल कट अरुंद.

आता आकड्यांत बघू. क्यू ४.३ चा कॉन्स्टंट फिल्टर धरला आणि गणित मांडलं तर असं दिसतं. फेडर ३ डेसिबल खाली असेल तेव्हा शेजारच्या बँडच्या केंद्रावर जेमतेम ०.८ डेसिबल कमी होतं. ६ खाली असेल तर शेजारी २ डेसिबल. १२ खाली असेल तर शेजारी पूर्ण ६ डेसिबल! म्हणजे २ किलोहर्ट्झचा एकच फेडर तळाला नेलात तर १.६ आणि २.५ चे फेडर शून्यावर दिसत असूनही तिथला आवाज ६ डेसिबलने गेलेला असतो, आणि ३ डेसिबलचा परिणाम खाली १.३ किलोहर्ट्झपासून वर ३ किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. ऑक्टेव्हपेक्षा जास्त पट्टा एका फेडरने खाल्ला. व्यंजनांचा स्पष्टपणा याच भागात असतो. मग गायक म्हणतो, "मला माझे शब्द ऐकू येत नाहीत," आपण सेंड (मॉनिटरला जाणारी पातळी) वाढवतो, आणि शिट्टी परत.

शेजारशेजारचे फेडर ओढले की बेरीज होते. फिल्टर एकामागे एक जोडलेले आहेत असं धरलं तर सलग तीन फेडर ६ खाली नेल्यावर मधल्यावर ६ नाही, १० डेसिबल जातात: स्वतःचे ६ आणि दोन शेजाऱ्यांचे २-२. सगळे ३१ फेडर ६ खाली नेले तर मधल्या भागात एकूण १२ च्या आसपास घसरण होते. प्रत्यक्ष यंत्रात फिल्टर गटागटाने जोडलेले असल्यामुळे आकडे थोडे सरकतात, पण दिशा हीच. फेडरांच्या रांगेतून दिसणारी रेघ आणि प्रत्यक्षातला कर्व्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "ग्राफिक" या नावावर फार भरवसा ठेवू नये तो यासाठी.

मग कुठला चांगला? माझं मत असं: मॉनिटरला, जिथे एखाद-दुसरा फेडर ६ ते ९ खाली न्यावा लागतो, तिथे प्रोपोर्शनल-क्यू हाताला जास्त बरा लागतो. खोल गेलात की तो आपोआप अरुंद होतो, शेजाऱ्यांना कमी त्रास. मुख्य स्पीकरला जिथे २-३ डेसिबलचीच कामं असतात, तिथे हाच प्रोपोर्शनल रुंद आणि गोलसर वागतो, कानाला संगीतमय वाटतो. पण "मला फक्त ३१५ हवा होता" असं असेल तर कॉन्स्टंट नेमका पडतो. हा नियम नाही. एकाच नावाखाली वेगवेगळे उत्पादक वेगवेगळा उतार ठेवतात, त्यामुळे नावावरून न ठरवता मोजून बघणं उत्तम.

मोजणं अवघड नाही. पिंक नॉइज (प्रत्येक ऑक्टेव्हमध्ये सारखी ऊर्जा असलेला सळसळता आवाज) ग्राफिकच्या इनपुटला द्या, आउटपुट ऑडिओ इंटरफेसच्या एका चॅनेलला, आणि तोच मूळ नॉइज दुसऱ्या चॅनेलला. दोन चॅनेलची तुलना करणारं कुठलंही मापन सॉफ्टवेअर कर्व्ह काढून देतं. पाच नोंदी घ्या: सगळे फेडर मधोमध, १ किलोहर्ट्झ ३ खाली, मग ६, मग १२, आणि शेवटी ८००, १ आणि १.२५ किलोहर्ट्झ तिन्ही ६ खाली. पहिल्या नोंदीत रेघ सपाट नसेल तर मधली खाच (फेडर शून्यावर अडकतो ती जागा) नीट नाही किंवा एखादा फेडर घसरलाय. शेवटच्या नोंदीत तळ १० च्या जवळ आहे की ७ च्या, आणि तो सपाट आहे की खाचाखाचांचा, हे बघितलं की यंत्राचा स्वभाव कळतो.

शिट्टी दोन फेडरांच्या मधे आली तर

फीडबॅकला आपली प्रमाणित केंद्रं माहीत नसतात. समजा तो २२४० हर्ट्झवर आला, म्हणजे बरोबर २ आणि २.५ किलोहर्ट्झच्या मधे. वरचाच फिल्टर धरला तर २ चा फेडर ६ खाली नेल्यावर २२४० वर ४ डेसिबल मिळतात. पुरत नाहीत म्हणून २.५ चाही ६ खाली नेला. आता २२४० वर ८ गेले, २ किलोहर्ट्झवर ८ गेले, २.५ वरही ८. एका सुईएवढ्या शिट्टीसाठी भिंतीत खिडकी पाडली!

अशा वेळी पॅरामेट्रिकचा (वारंवारता, रुंदी आणि कट तिन्ही निवडता येणाऱ्या इक्वलायझरचा) एक अरुंद फिल्टर, क्यू १० च्या वर, वारंवारता २२४०, कट ६, हे काम आजूबाजूला फारसा धक्का न लावता करतो. क्लार्क टेक्निकच्या डीएन ३७० वर म्हणूनच प्रत्येक चॅनेलला ३० फेडरांशिवाय दोन फिरते नॉच फिल्टर (हव्या त्या वारंवारतेवर नेता येणारे अरुंद कट) दिलेले आहेत, आणि हाय-पास (खालचा भाग कापणारा), लो-पास (वरचा भाग कापणारा) वेगळे. ॲनालॉग ग्राफिकांत मॉनिटरसाठी इतकी समजूतदार मांडणी मला दुसरीकडे क्वचित दिसते.

फेडरची लांबी आणि रेंजचं बटण

ही बाब किरकोळ वाटते, पण अंधारात, घाईत, वरून दिवे फिरत असताना हीच सगळ्यात जास्त जाणवते. फेडरचा प्रवास २० मिलिमीटर आणि रेंज अधिक-उणे १२ असेल तर २४ डेसिबल २० मिलिमीटरमध्ये बसवलेत, म्हणजे १ मिलिमीटरला १.२ डेसिबल. बोट जरा जास्त सरकलं की ३ च्या जागी ५ झाले. तोच प्रवास ४५ मिलिमीटर असेल तर १ मिलिमीटरला अर्ध्या डेसिबलपेक्षा किंचित जास्त. दुरून नजर टाकली तरी कुठला फेडर कुठे आहे ते कळतं.

डीबीएक्सच्या जुन्या जोडीत हा फरक सरळ दिसतो. २३१ मध्ये ३१ बँडचे दोन चॅनेल २ यूमध्ये (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) बसवले आहेत, फेडर २० मिलिमीटरचे. १२३१ मध्ये तेच दोन चॅनेल ३ यू घेतात आणि फेडर ४५ मिलिमीटरचे. दोन्ही कॉन्स्टंट-क्यू. २३१ ची रेंज ६ किंवा १२, १२३१ ची ६ किंवा १५. रॅकमध्ये जागा असेल आणि ग्राफिकवर कार्यक्रम चालू असताना हात जाणार असेल तर ३ यूवालाच घ्यावा. एकदा लावून झाकण ठोकायचं असेल, म्हणजे कायमस्वरूपी बसवलेल्या सिस्टिममध्ये, तर २ यूच्या छोट्या फेडरांनी काही बिघडत नाही.

रेंजचं बटण बहुतेकांवर असतं, वापरतात मात्र कमी जण. मुख्य स्पीकरला ६ वर ठेवा; छोट्या फेडरचाही १ मिलिमीटर मग ०.६ डेसिबल होतो, हात स्थिर राहतो. मॉनिटरला १२. १५ ची रेंज मला लाइव्हमध्ये नकोशी वाटते: ज्या फेडरला १५ ची गरज पडते त्या ठिकाणी माइक किंवा स्पीकर चुकीच्या जागी आहे. आणि एक सावधगिरी: फेडर लावून झाल्यावर चालू कार्यक्रमात हे बटण दाबू नका. ६ चे कट क्षणात १२ होतात, किंवा उलट, आणि उलट झालं तर सगळ्या शिट्ट्या एकदम परत येतात.

कुठला कशासाठी

क्लार्क टेक्निकचा डीएन ३६० हे टुरिंग रॅकमधलं जुनं ओळखीचं नाव. ३ यूमध्ये ३० बँडचे दोन चॅनेल, रेंज ६ किंवा १२. अजूनही जुन्या बाजारात शोधला जातो. यामाहाच्या क्यू २०३१ मालिकेत ३१ बँडचे दोन चॅनेल आणि २० ते २०० हर्ट्झ फिरवता येणारा हाय-पास. हा फिरता हाय-पास स्थिर लो-कटपेक्षा फार उपयोगी, कारण वेजला ८० हवा की १२० हे वेजच्या आकारावर ठरतं. ॲशलीचे जीक्यूएक्स कॉन्स्टंट-क्यू, साधे, सरळ. बेहरिंगरच्या एफबीक्यू ३१०२ मध्ये फेडरमध्येच दिवे असतात आणि ज्या बँडमध्ये सगळ्यात जास्त ऊर्जा आहे तो उजळतो. नवशिक्याला शिट्टी शोधायला याची मदत होते. पण तो दिवा "सगळ्यात जोरात" दाखवतो, "फीडबॅक" नाही. बासरीवाल्याने सूर लांबवला की त्याचाही दिवा लागतो, आणि तो फेडर ओढला की बासरीच जाते. वाद्यं थांबलेली असताना जो दिवा लागलेलाच राहतो त्यावरच हात घालायचा.

डिजिटल कॉन्सोल आल्यापासून वेगळा ग्राफिक विकत घेणारे कमी झाले, पण तुलनेचे प्रश्न तेच राहिले. फक्त ते आता मेनूत लपलेत. बेहरिंगर एक्स ३२ आणि मायडास एम ३२ मध्ये साधा जीईक्यू (ग्राफिक इक्वलायझर) आहे आणि ट्रूईक्यू नावाचा दुसरा. ट्रूईक्यूमध्ये शेजारच्या बँडांची जी बेरीज वर सांगितली ती सावरून घेतलेली असते, म्हणजे फेडर जे दाखवतात त्याच्या जवळ खरा कर्व्ह राहतो. साध्या जीईक्यूची सवय असलेल्या हाताने ट्रूईक्यू लावला की सुरुवातीला कट कमी पडल्यासारखा वाटतो. यंत्र बरोबर असतं, हात जुना असतो. या कॉन्सोलवर ग्राफिक इफेक्टच्या जागा खातो: एकूण ८ जागा, त्यातल्या ५ ते ८ ग्राफिकसारख्या इन्सर्टच्या (आवाजाच्या वाटेत मधेच जोडायच्या) कामासाठी. ड्युअल प्रकार घेतला तर एका जागेत दोन मोनो ग्राफिक बसतात, म्हणजे त्या ४ जागांत ८ वेज झाले आणि रिव्हर्ब-डिलेसाठी पहिल्या ४ मोकळ्या राहिल्या.

यामाहाच्या सीएल आणि क्यूएलवर फ्लेक्स-१५ नावाचा प्रकार मिळतो. केंद्रं ३१ च्या ३१, पण त्यातले कुठलेही १५ पर्यंतच हलवता येतात. बदल्यात एका जागेत दोन ग्राफिक. वेजसाठी मी नेहमी हाच घ्यायला सांगेन. १५ पेक्षा जास्त फेडर हलवायची वेळ आली तर चूक ग्राफिकमध्ये नाही. ॲलन अँड हीथच्या डीलाइव्हवर एकाच ग्राफिकला चार स्वभाव देता येतात: कॉन्स्टंट, प्रोपोर्शनल, हायब्रिड आणि डिजी-जीईक्यू. कॉन्सोल भाड्याने आलेला असेल तर आधीच्या माणसाने काय निवडून ठेवलंय ते आधी बघा, मगच कानावर विश्वास ठेवा.

बाहेरचा ॲनालॉग ग्राफिक डिजिटल कॉन्सोलला इन्सर्टवर जोडायचा असेल तर आवाज एकदा बाहेर जाऊन परत आत येतो आणि त्यात साधारण १ ते २ मिलिसेकंद जातात. वेजला चालतं. पण तोच आवाज थेट मार्गानेही कुठे मिसळत असेल, तर दोन प्रती एकमेकींना कापतात. इन-इअर (कानात घालायचे मॉनिटर) वापरणाऱ्या गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून लगेच आणि कानातून उशिरा मिळतो, आणि "पोकळ वाटतंय" ही तक्रार येते. तिथे कॉन्सोलच्या आतलाच वापरा.

वेज रिंग करताना

रिंग करणं म्हणजे मुद्दाम शिट्टी काढून तिचे फेडर ओढणं. आधी जागा, मग फेडर. कार्डिऑइड माइकला, एसएम ५८ सारख्या, सगळ्यात कमी ऐकू येतं ते बरोबर मागून. वेज समोर, गायकाकडे तोंड करून. सुपरकार्डिऑइडला, बीटा ५८ सारख्या, मागे थोडं ऐकू येतं आणि बहिरी जागा पुढून १२६ अंशांच्या आसपास असते. म्हणून त्याला दोन वेज तिरके, डावी-उजवीकडे. एवढं नीट केलं की अर्धे फेडर हलवावेच लागत नाहीत.

ग्राफिक सपाट ठेवा. व्होकल चॅनेलचा हाय-पास १०० ते १२० वर. माइक स्टँडवर, उंची गायकाची. सेंड हळूहळू वर न्या. शिट्टी पूर्ण फुटेपर्यंत थांबू नका, सूर नुसता रेंगाळायला लागला की थांबा. आता तो ओळखायचा. कानाला सवय नसेल तर स्वरांचा आधार घ्या: २५० च्या आसपास 'ऊ', ५०० ला 'ओ', १ किलोहर्ट्झला 'आ', २ ला 'ए', ४ ला 'ई'. 'ओ' आणि 'आ' च्या मधलं काही वाटलं तर ६३० किंवा ८००. मोबाइलवरचं स्पेक्ट्रम ॲपही चालतं. टोक कुठे आहे एवढंच हवं असतं, त्याचा माइक कितीही सुमार असला तरी चालतो.

तो फेडर ३ खाली. ६ नाही, ३. सेंड परत वर. दुसरा सूर येईल, त्याचं तेच. पहिलाच परत आला तर त्याला आणखी ३. चार-पाच फेडर झाले की सोडून द्या. त्यानंतर दर कटला मिळणारा फायदा घटतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा व्हायला लागतो. मग सेंड ६ डेसिबल खाली आणा. ही तुमची राखीव जागा. आता माइकपुढे हात न्या, टोपी घालून उभे राहा, माइकची जाळी मुठीत धरून बघा. मुठीत धरला की माइकची दिशाच मोडते, तेव्हा जी शिट्टी येते ती ग्राफिकने सोडवायची नसते. गायकाला सांगायची असते.

शेवटी एक तपास जरूर करा: ओढलेला प्रत्येक फेडर एकेक करून शून्यावर आणून बघा. ज्यामुळे काहीच होत नाही तो तिथेच राहू द्या. रिंग करताना घाईत शेजारचा भलताच फेडर ओढलेला असतो, हे फार वेळा घडतं.

माइकची संख्याही ध्यानात ठेवा. उघडे माइक दुप्पट झाले की फीडबॅकआधीची जागा ३ डेसिबलने कमी होते. एकावरून दोन, दोनाचे चार, चाराचे आठ: एकूण ९ डेसिबल गेले, आणि ग्राफिकवर कोणी हातही लावलेला नाही. नको ते माइक म्यूट करणं हाच इथला सगळ्यात स्वस्त इक्वलायझर.

जोडायचा कुठे

मुख्य आउटपुटवर ग्राफिक टाकून व्होकलची शिट्टी काढली की ढोलकी, गिटार, कीबोर्ड, सगळ्यांचाच तो पट्टा जातो. शिट्टी फक्त व्होकल माइकांची असेल तर व्होकल एका ग्रुपमध्ये घ्या आणि ग्राफिक त्या ग्रुपच्या इन्सर्टवर. मुख्य स्पीकरची मापून केलेली दुरुस्ती स्पीकर प्रोसेसरमधल्या पॅरामेट्रिकवर राहू द्या, आणि मुख्य ग्राफिक त्या दिवसाच्या खोलीसाठी, २-३ डेसिबलच्या आत.

एका मिक्सवर दोन वेज असतील तर दोन्ही एकाच मॉडेलचे हवेत. दोन वेगळ्या वेजांना एकच ग्राफिक म्हणजे एकाची शिट्टी काढताना दुसऱ्याचा आवाज उगाच कापणं.

ॲनालॉग मिक्सरच्या इन्सर्टला वाय केबल लागते: टिपवर सेंड, रिंगवर रिटर्न असं बहुतेक ठिकाणी, काही मिक्सरांवर उलटं असतं, तेव्हा आवाजच येत नाही. त्यात ग्राफिकचं आउटपुट अनबॅलन्स्ड होतं, पातळी ६ डेसिबलने घटू शकते. इनपुट गेनने भरून काढा. घूं आवाज आला तर केबलची शील्ड, जोडणी आणि सगळी यंत्रं एकाच वीजपुरवठ्यावर आहेत का ते तपासा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवणं हा उपाय नाही. माइकला ओठ लावणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

जे ग्राफिकने होत नाही

आवाज दोन मार्गांनी कानाला पोचतो आणि त्यात १ मिलिसेकंदाचा, म्हणजे साधारण ३४ सेंटिमीटरचा, फरक असतो असं समजा. मग ५०० हर्ट्झ, १५००, २५००, ३५०० अशा ठिकाणी आवाज पडतो. ८ किलोहर्ट्झच्या वर तर एकेका १/३ ऑक्टेव्हच्या बँडमध्ये असे दोन-तीन खड्डे येतात. तिथला फेडर वर नेला तर दोन्ही प्रती वाढतात आणि एकमेकींना पूर्वीइतक्याच कापतात. खड्डा भरत नाही, फक्त ॲम्प्लिफायर जास्त राबतो आणि दोन पावलं बाजूला बसलेल्याला तोच भाग टोचतो. स्पीकर हलवा, वेळ जुळवा. घुमणाऱ्या सभागृहाचंही तसंच: २५० ओढून गढूळपणा थोडा कमी होतो, पण घुमण्याची लांबी तेवढीच राहते.

जुना घेताना

प्रत्येक फेडर टोकापासून टोकापर्यंत हलवत पिंक नॉइज ऐका. खरखर असेल तर दहा-पंधरा वेळा पूर्ण फिरवून बघा. धूळ असेल तर बहुधा जाते. नाही गेली तर फेडरसाठीचा, वंगण असलेला क्लीनर थोडासा. गंज सोडवायचा साधा स्प्रे अजिबात नको. त्याने आधी गुळगुळीत होतं, मग त्यावर धूळ चिकटते, आणि काही प्लॅस्टिक भाग फुगतात. फेडर हलवूनही स्पेक्ट्रमवर काहीच हलत नसेल तर तो फिल्टर मेलाय. २५ हर्ट्झचा असेल तर सोडून द्या, २.५ किलोहर्ट्झचा असेल तर यंत्रच सोडून द्या.

सगळे फेडर मधल्या खाचेत ठेवून बायपास (ग्राफिक वगळून आवाज सरळ पुढे सोडणारं बटण) दाबा-सोडा. आवाजाची पातळी किंवा सूर बदलला तर खाच आणि खरा शून्य जुळत नाहीत. मग यंत्र चालू असतानाच त्याची वीज काढा. चांगल्या ग्राफिकमध्ये रिले इनपुट थेट आउटपुटला जोडतो आणि आवाज चालूच राहतो, फक्त ग्राफिकशिवाय. काहींत आवाज बंद पडतो. दोन्हींची तयारी वेगळी लागते. बंद पडणाऱ्यात कार्यक्रम थांबतो. चालू राहणाऱ्यात तुम्ही ओढलेले सगळे कट क्षणात गायब होतात आणि वेज बोंबलतो. म्हणून मॉनिटरच्या ग्राफिकचा प्लग रॅकच्या आत, पायात न येणाऱ्या सॉकेटमध्ये घालावा.